मा. श्री. १६,३८४ साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
परम आदरणीय श्री. सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी साहेब,
कमाल मर्यादा अधिकारी, टेक्स्चर खातं,
मुक्काम : जवळपास प्रत्येक ग्राफिक्स कार्ड

स. न. वि. वि.

साहेब, आपल्यासारख्या आकड्याला थेट पत्र लिहावं एवढी आमची पायरी नाही. आपण दोनाचा चौदावा घात, कुळ मोठं. आम्ही सुरतेत उधन्याच्या एका गाळ्यात बसून साड्यांची डिझाइनं काढणारी माणसं. वाडवडील खानदेशातून ताप्ती लाइनच्या गाडीने आले आणि मागावर उभे राहिले. आम्ही कॉम्प्युटरपुढे बसतो, एवढीच काय ती प्रगती. तरीही हे धाडस करतोय, कारण आपले उपकार आता गाळ्यात मावेनासे झालेत. चार लोकांना कळलेले बरे.

त्या चार लोकांसाठी आधी आपली ओळख. कॉम्प्युटरवर उभ्या केलेल्या त्रिमिती आकारावर जे चित्र चढवतात त्याला टेक्स्चर म्हणतात. गेममधल्या भिंतीवरच्या विटा, डोंगरावरचं गवत, किंवा आमच्यासारख्यांच्या कामात मॉडेलच्या अंगावरची साडी. हे चित्र कुठल्याही बाजूने १६,३८४ पिक्सेलपेक्षा मोठं असता कामा नये, असा नियम विंडोजच्या डायरेक्ट-थ्रीडीमध्ये आपल्या सहीने लागू आहे. आपण नसता तर आमच्या हातून काय काय घडलं असतं, कल्पनाच करवत नाही. कदाचित अख्खी साडी दिसली असती.

साडी ही वस्तू आपल्याला माहीत असण्याचं काही कारण नाही. आपण चौरस गृहस्थ; जितके रुंद तितकेच लांब. साडी तशी नसते. ब्लाउज पीस धरून लांबी ६.३ मीटर, पन्हा ४४ इंच. डिजिटल प्रिंटसाठी इंचाला ३०० ठिपके धरले की पन्हा होतो १३,२०० पिक्सेल आणि लांबी ७४,४०९. गुणाकार केला तर ९८ कोटींच्या वर जातो. पन्ह्याला आपण कधी म्हणजे कधी अडवलं नाही, हे मी मार्केटमध्ये दहा जणांना सांगतो. अडवता ते फक्त लांबीला. साडीत लांबीलाच साडी म्हणतात ही आमची अडचण आहे, आपली नव्हे.

पूर्वी या गोष्टीशी आपला संबंधच नव्हता. डिझाइन व्हायचं, सॅम्पल छापून यायचं, मॉडेलला नेसवायचं, फोटो निघायचे, कॅटलॉग छापायचा. मग पार्ट्या म्हणू लागल्या की छापण्याआधीच दाखवा, स्क्रीनवर, नेसलेली, फिरवून, आणि जवळ जाऊन धागा बघता आला पाहिजे. सॅम्पलचं कापड वाचतं, शाई वाचते, आठवडा वाचतो. कल्पना उत्तम होती. तिच्या दारात आपण खुर्ची टाकून बसला आहात हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आपले नातेवाईकही भेटले वाटेत. सगळे सज्जन. जेपेग म्हणून एक आहेत, ते एका बाजूला ६५,५३५ च्या पुढे जात नाहीत. आमची साडी त्यांच्या अंगणातूनच परत येते. फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल ३०,००० ला हात टेकते, मग मोठी पीएसबी घ्यावी लागते, तिला तीन लाखांपर्यंत चालतं. टिफकाकांचं दुखणं वेगळं. त्यांना पिक्सेलचं वावडं नाही, पण फाइल ४ जीबीच्या वर गेली की पत्ते लिहायला त्यांच्याकडे आकडे उरत नाहीत. आमची साडी ३.९३ जीबीची, म्हणजे टिफकाकांच्या उंबऱ्याशी जेमतेम बसते, आणि वर एक लेअर ठेवला की बाहेर. पण या मंडळींचा एक गुण मानायलाच हवा : नाही जमत, तर नाही जमत म्हणून तोंडावर सांगतात. सेव्ह होत नाही, पाटी येते, माणूस चिडतो आणि दुसरा रस्ता धरतो.

आपली रीत फार खानदानी. आपण नाही म्हणतच नाही. खरं म्हणजे आपण कार्डाच्या पातळीवर नकार देता, पण आमच्या आणि आपल्या मधे तो जो साडी दाखवणारा प्रोग्राम आहे, तो आपला नकार आमच्यापर्यंत पोहोचू देत नाही. यजमानांना वाईट वाटू नये म्हणून तो ७४,४०९ ची साडी आपल्या मापात बसेपर्यंत बारीक करतो, स्क्रीनवर ठेवतो, आणि हसतो. चूक दाखवणारी पाटी नाही, आवाज नाही. फार खोलवर, प्रोग्रामरच्याच नजरेस पडणाऱ्या खिडकीत एक पिवळी ओळ उमटते की चित्राचा आकार बदलला आहे. ती खिडकी उघडून बघणारा शेठ मला अजून रिंग रोडच्या मार्केटमध्ये भेटायचा आहे.

आम्ही सुरतेत राहणारी मराठी माणसं. लुटीचा विषय इथे आमच्यासमोर लोक जपूनच काढतात. म्हणून एवढंच नोंदवतो की १६६४ साली शिवाजी महाराजांनीसुद्धा सुभेदाराला आधी निरोप पाठवला होता.

तर बारीक केल्यावर काय उरतं? १६,३८४ ला २४८ इंचांनी भागा. इंचाला ६६ ठिपके. ज्या कापडात इंचाला शंभराच्या आसपास धागे आहेत, तिथे दर धाग्याच्या वाट्याला पूर्ण एक पिक्सेलही येत नाही. ३०० ला प्रत्येक धाग्याला तीन मिळत होते, म्हणजे धागा दिसत होता, त्याच्या कडेची सावली दिसत होती. ६६ ला दोन-तीन धाग्यांचे रंग एकमेकांत कालवून त्याचा काला होतो. बुट्ट्याच्या कडेने जरीची एकेरी रेघ फिरवली होती, आमच्या पोराने ती दोन दिवस बसून काढली होती. ती रेघ पिवळसर डाग झाली. पार्टीने स्क्रीन जवळ ओढली, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, "भाई, आ जरी छे के हळदर?"

या प्रश्नाचं श्रेय सर्वस्वी आपलं.

मग आम्हाला शहाणपण सुचलं. साडी कापायची. कपड्याच्या धंद्यात कापायची भीती कुणाला? आपल्या मापाने, दर १६,३८४ पिक्सेलला एक काप, म्हणजे दर १.३९ मीटरला. चार काप, पाच तुकडे, शेवटचा अर्धाच. पाची तुकडे शेजारी शेजारी बसवले की साडी पूर्ण, ठिपके पूर्ण, आपणही खूश. आमच्या त्या फाइलीत आधी ८० सेंटिमीटर ब्लाउज पीस, मग मीटरभर पदर. पदराच्या मधोमध मोर. पहिला काप १.३९ मीटरवर, म्हणजे बरोबर मोराच्या मानेतून. मुंडकं एका टेक्स्चरमध्ये, पिसारा दुसऱ्यात.

जवळून बघितलं तर मोर धडधाकट. जरा लांब गेलं की मानेवर केसाएवढी फिकट रेघ. आणखी लांब गेलं की रेघ जाड. ही आपल्या खात्याची कलाकुसर समजून घ्यायला मला वेळ लागला. कार्ड जेव्हा रंग दाखवतं तेव्हा एका ठिपक्याचा रंग घेऊन थांबत नाही, शेजारच्यांची सरासरी काढतं. तुकड्याच्या कडेला शेजारी नसतो. तो दुसऱ्या टेक्स्चरमध्ये राहायला गेलेला. मग कार्ड कडेचाच रंग पुन्हा घेतं किंवा थेट पलीकडच्या टोकाचा आणतं. त्यात मिपमॅप. लॅन्स विल्यम्स यांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती : लांबून दिसताना वापरायला त्याच चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश अशा प्रती आधीच करून ठेवायच्या. प्रत जितकी लहान, तितका कडेचा एक ठिपका साडीवर जास्त जागा व्यापतो, आणि रेघ तितकी रुंद होते. इलाज आहे, प्रत्येक तुकड्याला शेजारच्याची थोडी पट्टी जोडून ठेवायची, शिवणीत दाब ठेवतात तशी. पण ती सोय प्रोग्रामने द्यायची असते.

पार्टीने मोराच्या मानेवर बोट ठेवलं आणि सांगितलं, विणकामात फॉल्ट आहे, या ताक्याचा भाव कमी लावा. जो ताका अजून विणला नव्हता, छापला नव्हता, ज्याचं ग्रे कापडही मिलमधून उचललं नव्हतं, त्यात दोष काढून भाव पाडण्याची संधी आपण सुरतेच्या बाजारात उपलब्ध करून दिलीत. व्यापारात एवढा मोठा शोध मी तरी पाहिला नाही.

आता आपल्या सेवाकाळाबद्दल. १९९६ च्या व्हूडू कार्डात आपले पूर्वज २५६ होते. दोनशे छप्पन्न! आज तेवढ्यात मोराचा डोळा बसतो. मग २,०४८ आले, ४,०९६ आले, २००६-०७ च्या सुमाराला ८,१९२ आले, आणि २००९ मध्ये डायरेक्टएक्स ११ बरोबर आपण रुजू झालात. पूर्वजांची पद्धत अशी, की काही वर्षं झाली की दुप्पट व्हायचं आणि निवृत्त व्हायचं. आपण ही वाईट चाल मोडलीत. २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आलं, कार्डाशी बोलायची जवळजवळ सगळी पद्धत बदलली, जुनं पाडून नवं बांधलं. आपली खुर्ची तेवढी अलगद उचलून नव्या इमारतीत ठेवली.

खरं सांगायचं तर २००९ मध्ये आपण उदारच होतात. आपली पूर्ण चौरस चादर, १६,३८४ गुणिले १६,३८४, दर ठिपक्याला ४ बाइट, बरोबर १ जीबी भरते. त्या वर्षीच्या उत्तम कार्डात एकूण मेमरीच १ जीबी असायची. म्हणजे आपण म्हणत होतात, "अख्खं घर घ्या, मी आड येत नाही." आज ३२ जीबीची कार्डं मिळतात. घर बत्तीसपट झालं, दार तेवढंच आहे.

आपल्या बाजूचं बोलायला माणूस असावा म्हणून मीच बोलतो. टेक्स्चरवरची जागा कार्ड बहुधा ज्या दशांश आकड्यात मोजतं, त्यात नेमके असे २४ बिटच असतात. त्यातले १४ आपल्यासाठी खर्च होतात, आणि दोन ठिपक्यांमधली जागा २५६ भागांत मोजायला आणखी ८. उरले दोन. दुप्पट करत गेलं तर चित्र थरथरायला लागायचं. तेव्हा आपण हट्टी आहात हे खरं, पण बिनबुडाचे नाही. आपले थोरले चुलतबंधू ३२,७६८ काही कार्डांवर ओपनजीएल आणि व्हल्कनच्या दारात बसतात, तेही जिवंत आहेत. अर्थात त्यांच्याकडे गेलो तरी आमची साडी तीन तुकड्यांत कापावी लागते. मोराऐवजी दुसरं काहीतरी मरतं, इतकंच.

आपले धाकटे बंधू चि. आठ जीबी यांनाही साष्टांग नमस्कार सांगावा. मध्यम भावाच्या वरची कार्डं २०१५ मध्ये ८ जीबीची मिळू लागली आणि २०२५ मध्येही नवीकोरी कार्डं ८ जीबीचीच निघाली. दहा वर्षांत सुरतेत पूल किती झाले ते मोजत नाही, चिरंजीव आहेत तिथेच आहेत. आमची साडी ३.९३ जीबी. मिपमॅपच्या प्रती धरल्या की एक तृतीयांश वाढून ५.२४. आणि जर चमकली पाहिजे, धागा उठून दिसला पाहिजे, तर उंचसखलपणाचं एक आणि चमकेचं एक अशी आणखी दोन टेक्स्चरं लागतात. पंधरा जीबीच्या वर. चिरंजीव हात जोडतात.

मात्र खोटं बोलत नाहीत. २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० चं प्रकरण आठवतंय? खोक्यावर ४ जीबी. जानेवारी २०१५ मध्ये जगाला कळलं की त्यातली ३.५ वेगवान आणि उरलेली अर्धी रेंगाळणारी. २०१६ मध्ये एनव्हिडियाने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना कार्डामागे ३० डॉलर देण्याचं कबूल केलं. त्या मानाने आपलं घराणं फार सचोटीचं. गुपचूपपणाचं सगळं खातं आपण मधल्या प्रोग्रामकडे सोपवलं आहे.

"मग दाबून बसवा ना," असं कुणीतरी म्हणेलच. दाबतो की. टेक्स्चर दाबायची पद्धत एस-थ्री नावाच्या कंपनीने १९९८ च्या सुमाराला दिली, तिचं पेटंट संपायला २०१७ उजाडलं. त्यात चित्राचे चार बाय चार ठिपक्यांचे चौकोन करतात, प्रत्येक चौकोनासाठी दोन रंग साठवतात आणि बाकीचे त्या दोघांच्या मधले धरून चालतात. आकाशाला, मातीला, भिंतीला झकास. आमच्या चौकोनात लाल पोत, त्यावर सोनेरी जर आणि जरीच्या पोटात हिरवी मीना. लाल आणि सोनेरी यांच्या मधे हिरवा कुठून येणार? मीना चिखल होते. नंतरच्या बीसी-७ ने एका चौकोनात तीन गट करता येतात, ते बरंच जमतं, आणि साडी प्रतींसकट १.३ जीबीत येते. म्हणजे धाकट्यांचा प्रश्न मिटतो. आपला मिटत नाही. दाबलेलं टेक्स्चरही लांबीला ७४,४०९ च असतं, आणि आपण वजन बघत नाही, उंची बघता.

निऱ्यांबद्दल विसरलोच. साडी नेसली की निऱ्या आल्या, निऱ्या म्हणजे कापड नजरेला जवळजवळ समांतर. तिरप्या कापडाचा पोत स्पष्ट राहावा म्हणून कार्ड एका दिशेला जास्त नमुने घेतं, पण सोळापटीपर्यंतच. त्यापुढे धूसर. सोळा हे आपले कोण लागतात ते कळवावं, एकत्रच आभार मानता येतील.

साहेब, मर्यादा आम्हाला नवी आहे असं समजू नका. मर्यादेवर तर सुरत उभी आहे. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ मध्ये पंच केलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालवला, तेव्हापासून जेकार्डला हुक किती हे विचारल्याशिवाय कुणी पेन्सिल उचलत नाही. २,६८८ हुकांचा जेकार्ड असेल तर डिझाइन २,६८८ तारांत संपवायचं. पुढे तेच पुन्हा. बुट्टी, काठ, जाळ, सगळं रिपीटमध्ये बसवायची ही कला त्या हुकांनीच शिकवली. पण जेकार्डने कधी पाच हजार तारांचं डिझाइन हसत हसत घेऊन गुपचूप निम्मं विणलं नाही. हुक संपले की काम थांबतं आणि मास्तर शिव्या देतो. शिव्या ऐकू येतात, हा त्या यंत्राचा मोठेपणा.

आणि आता मुख्य आभार, जे मानायला मी इतका वेळ घुटमळतोय. आपली गरजच नाही, हे आपण इतकी वर्षं कुणाला कळू दिलं नाहीत.

बघा. समोरचा स्क्रीन १,९२० बाय १,०८०. त्यावर एकूण २० लाख ७४ हजार ठिपके. साडीचे ९८ कोटी. कुठल्याही क्षणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत २० लाखांपेक्षा जास्त काही शिरूच शकत नाही. मार्केटमध्ये गादीवर बसलेला सेल्समन गोदामातले सगळे ताके आणून गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ओतत नाही. तो पदर पसरतो, मागितला तर काठ दाखवतो, बाकी घडीतच. ग्राफिक्समध्येही हेच करायचं असतं. साडीचे १२८ बाय १२८ ठिपक्यांचे तुकडे पाडायचे, एक तुकडा ६४ केबीचा. आमच्या साडीचे होतात ६०,५२८ तुकडे. ते डिस्कवर पडून राहू देत. कॅमेरा जिथे आहे तिथले, त्या अंतराला लागणाऱ्या प्रतीचे तेवढेच तुकडे कार्डात आणायचे, आणि कुठला तुकडा कुठे ठेवलाय याची एक वही ठेवायची. भरपूर धरून चारशे तुकडे म्हटले तरी २५ एमबी. पंचवीस एमबी, साहेब! चि. आठ जीबी कुशीवर वळून झोपतील.

हे मी शोधलेलं नाही, माझ्या कपाळी असले शोध नाहीत. १९९८ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सच्या मंडळींनी क्लिपमॅप नावाने हेच मांडलं, आणि त्यांच्यातल्याच काहींनी पुढे कीहोल कंपनीत काम केलं. गूगलने ती २००४ मध्ये घेतली आणि दुसऱ्या वर्षी गूगल अर्थ आलं. पृथ्वी! अख्खी! माझ्या उधन्याच्या गाळ्याचा पत्रा त्यात दिसतो. पृथ्वी आपल्याला न दुखवता मावते आणि पदरावरचा मोर मावत नाही. २००७ च्या एनिमी टेरिटरी : क्वेक वॉर्स या खेळात जमिनीचं टेक्स्चर ३२,७६८ चौरस होतं. २०११ च्या रेजमध्ये एका बाजूला सव्वा लाखाहून जास्त. तो खेळ एक्सबॉक्सवर तीन डिस्कवर आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिऑन ७९७० जाहीर झालं, त्यात ६४ केबीच्या तुकड्यांची सोय थेट कार्डातच. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती डायरेक्टएक्सच्या ११.२ आवृत्तीत घेतली. २०१९ पासून अनरिअल इंजिनमध्ये हे तयार मिळतं.

कबूल, रेजवर लोकांनी तोंडसुख घेतलं. कॅमेरा झटकन वळवला की भिंत आधी धूसर दिसायची आणि मग सावकाश चेहरा यायचा. बंदूक घेऊन पळणाऱ्याला ते खटकणारच. साडी बघणारा कुठे पळतोय? त्याचा चहा अजून यायचाय. पदर आधी धूसर आणि क्षणाने स्पष्ट झाला तर तो उलट म्हणेल, क्या बात है.

आणि कार्डातली तुकड्यांची सोयही शेवटी आपल्याला सलाम करूनच चालते हे ठाऊक आहे मला. एका टेक्स्चरमध्ये तुकडे किती रिकामे ठेवायचे ते ठेवा, पण बाजू १६,३८४ च्या वर नको. त्यापुढची वही प्रोग्रामनेच ठेवायची, पाच चादरींची एक चळत करायची, कडेच्या पट्ट्या सांभाळायच्या. सगळं खेळ लिहिणाऱ्यांनी कधीच करून ठेवलंय. आम्हाला वर्षाच्या वर्गणीने मिळणारे साडी दाखवणारे प्रोग्राम मात्र अजून एकच चादर अंथरतात, ती मावली नाही की कात्री लावतात, आणि विचारलं तर वर बोट दाखवतात. "हार्डवेअर लिमिट आहे, सर." फोनवर हे वाक्य इतक्या गोड आवाजात ऐकलंय की मला ते आता आरतीसारखं पाठ झालंय. किती जणांचा आळस आपण आपल्या एका नावावर खपवून घेता! एवढा दिलदार बॉस चाकरीत कुणाला मिळतो?

त्यात आता मार्केट गेलंय मोबाइलवर. जळगावची वहिनी, नागपूरचा दुकानदार, सगळे फोनवर साडी फिरवून बघणार. अनेक जुन्या फोनांवर आपली गादी आपले पूर्वज ४,०९६ अजून चालवतात. भागाकार करू का? इंचाला साडेसोळा ठिपके. तिथे धागा, जर, मीना हे विषयच संपतात. साडी आहे की रंगवलेलं प्लास्टिक, यावर मतं मागवावी लागतात. आणि माल घरी पोहोचल्यावर तीच वहिनी लिहिते की फोटोत एवढी छान दिसत नव्हती, प्रत्यक्षात फारच सुंदर आहे. गिऱ्हाइकाला सुखद धक्का देण्याची ही योजना आपलीच ना? फक्त त्या धक्क्यापर्यंत पोहोचण्याआधीच नव्वद जणी पुढच्या साडीकडे सरकलेल्या असतात.

तेव्हा हात जोडून विनंती. आपण हलू नये. आपल्याला ३२,७६८ करा, ६५,५३६ करा असं मी कुणाकडे म्हणणार नाही. उद्या पार्टी नऊवारी आणेल आणि आपण तिथेही कमीच पडाल. आपण फक्त एवढं करावं, की आपल्या नावाने कुणी चित्र बारीक केलं तर स्क्रीनच्या मधोमध, लाल अक्षरांत, मराठीत नाही तर गुजरातीत, निदान शेठला वाचता येईल अशा जाडीत लिहून यावं : "ही साडी पूर्ण नाही." मग आम्ही आणि तो प्रोग्रामवाला, आमचं आम्ही बघून घेतो. त्याची वर्गणी मार्चमध्ये संपतेय.

चि. आठ जीबींस आशीर्वाद, ४,०९६ यांस दंडवत, सोळांस नमस्कार. लोभ आहेच, तो मर्यादेत ठेवावा.

आपला कृपाभिलाषी,
उधन्याचा एक डिझाइनवाला

ता. क. पत्र बरंच लांबलंय. १६,३८४ अक्षरांच्या पुढे गेलं असेल तर सवयीप्रमाणे बारीक करून घ्यावं, आम्हाला कळवण्याची तसदी घेऊ नये.